बुढ्याचं नाव

आमच्या सानगडीच्या घरात अस्वलाला दोन नावं होती, एक घरातलं आणि एक जंगलातलं, आणि त्यांत गल्लत केली की मायचा हात पाठीत बसायचा. घरात, चुलीपुढे, अंगणात, विहिरीवर तुम्ही खुशाल अस्वल म्हणा, दहादा म्हणा, कोणी काही बोलत नसे. पण गावाची शेवटची धानाची बांधी ओलांडून पाय जंगलात पडला, की तो 'बुढा'. "बुढा येऊन गेला", "बुढ्याचा पाय उमटला", "त्या झाडाखाली नोको जाऊ, बुढा बसला असन." आम्ही पोरं त्याला झिपऱ्याही म्हणत असू, ते चालायचं. चैत्रात मोह वेचताना बाया त्याला मोहवाला म्हणत, कारण पहाटे पडलेली फुलं आमच्याआधी तोच खाऊन जायचा. काहीही म्हणा, खरं नाव तेवढं घ्यायचं नाही. मी पाच-सहा वर्षांची असताना एकदा बोलून गेले, तर मायनं अर्धी भरलेली टोपली उचलली, मला बखोटीला धरलं आणि तडक घरी आणलं. त्या दिवशीचा मोह बुडाला तो बुडालाच. "काहून वो माय?" मी रडत रडत विचारलं. "त्याले हाक मारली तू," ती म्हणाली. "हाक मारली तं येनार नाई का तो?"

यात हसण्यासारखं काही नव्हतं. शेजारच्या सखुआत्याच्या उजव्या गालावर डोळ्यापासून हनुवटीपर्यंत खोल वळ होते आणि तो डोळा कायमचा मिटलेला होता. ती हसली की अर्धाच चेहरा हसायचा. वाघ माणसाला पाहून बाजूला होतो, पण बुढा समोर आला की उभा राहतो आणि तोंडालाच हात घालतो, हे आमच्या गावच्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. आणि जंगलात गेल्याशिवाय तर भागत नव्हतं. चैत्रात मोह, वैशाखात तेंदूचा पाला, पावसाळ्यात बांबूचे कोंब आणि सात्या. सात्या म्हणजे वारुळाच्या आसपास उगवणाऱ्या पांढऱ्या छत्र्या. लाखोळीच्या डाळीत त्या सोडून मायनं लसणाची फोडणी दिली की वास अख्ख्या मोहल्ल्यात फिरायचा आणि वाटी घेऊन कोणी ना कोणी दारात उभं राहायचंच. पण वारूळ म्हटलं की बुढा आला. त्याला वाळवी हवी, आम्हाला भाजी. दोघांचा बाजार एकाच जागी भरायचा.

बाबा गावचे पोस्टमन. खाकी कपडे, खांद्याला पिशवी, आणि दुपारी घरी आले की सायकलचं स्टँड दगडावर खाडकन आपटल्याचा तो आवाज. त्या आवाजावर माय भाताचं भगुणं चुलीवरून उतरवायची. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर बाबांनी भूतखेत, नवससायास, अंगारे-धुपारे सगळं एका दिवसात घराबाहेर काढलं होतं. समाजात कोणाच्या घरी पोर आजारी पडलं आणि कोणी भगताकडे निघालं, तर बाबा सायकल आडवी घालून पोराला दवाखान्यात नेत. अशा माणसाच्या घरात फक्त बुढा तेवढा शिल्लक राहिला होता आणि तो काही केल्या निघत नव्हता. जेवताना दोघांची जुंपायची. "अस्वलाले अस्वल म्हनाव," बाबा म्हणत. "त्या जनावराले का आपली भाषा समजते? बुढा बुढा लावून राहिली तं." माय त्यांच्या ताटात आणखी एक पळी वरण वाढायची आणि म्हणायची, "तुमचं काम सडकेवर हाय जी. माझं जंगलात." वरण चांगलं असे, बाबा ते भुरकत.

मी बाबांच्या बाजूची. शिकत होते ना! कॉलेजात जायला लागल्यापासून तर मला मायच्या बुढ्याची लाज वाटायची. वर्गातल्या कोणाला कळलं तर काय म्हणतील, या भीतीनं मी जंगलात जाणंच सोडलं. अभ्यासाचं निमित्त सांगायचे. माय एकटीच टोपली घेऊन निघायची. आमच्या समाजात त्या पंचक्रोशीतली बी.ए.ला बसलेली मी पहिली मुलगी, आणि हे बाबांनी टपाल वाटता वाटता दारोदार सांगून ठेवलेलं. मी कोणत्याही गावात गेले तरी लोक म्हणत, "हे ते पोस्टमनची शेवंता." त्या ओझ्यानं मी मान ताठ ठेवून चालायचे आणि रोज बसमध्ये उभी राहून कॉलेज गाठायचे.

शेवटच्या वर्षाला भाषाशास्त्राचा एक पेपर होता. शिकवायला लोहकरे सर, भला माणूस, पण घड्याळाकडे फार बघायचे. एकदा त्यांनी फळ्यावर अस्वलाची नावं लिहिली. संस्कृतात ऋक्ष, ग्रीकमध्ये आर्क्तोस, लॅटिनमध्ये उर्सुस, त्यावरून इटालियनमधलं ओर्सो आणि फ्रेंचमधलं ऊर्स. या सगळ्या बहिणी-बहिणी, सर म्हणाले, आणि आपल्याकडे जुनी माणसं रीस म्हणतात तेही त्याच ऋक्षाचं पोर. ग्रीकांनी उत्तरेच्या आकाशातल्या ताऱ्यांना अस्वल म्हटलं, म्हणून ती उत्तर दिशा आर्क्टिक झाली. मी चकित होऊन ऐकत होते. कुठे ग्रीस, कुठे आमच्या गावचा रीस! मी हात वर करून विचारलं, "मग सर, इंग्रजीत बेअर काहून? ते का बहीण नाही वाटत." सरांनी घड्याळ पाहिलं. "ते अभ्यासक्रमात नाही," म्हणाले, आणि तास संपला.

आणि परीक्षेत तेच आलं. पेपर कोणी बाहेरच्यानं काढला होता, त्याला आमच्या सरांचं घड्याळ काय ठाऊक. प्रश्नात एक तक्ता दिला होता. एका बाजूला सरांनी शिकवलेली नावं. दुसऱ्या बाजूला इंग्रजी बेअर, जर्मन बेर, स्वीडिश ब्योर्न, आणि पुढे लिहिलेलं: मूळ अर्थ 'भुरा'. रशियन मेद्वेद, अर्थ 'मध खाणारा'. लिथुआनियन लोकिस, अर्थ बहुधा 'चाटणारा'. जुन्या आयरिशमध्ये मात, अर्थ 'चांगला'. आणि खाली प्रश्न: उत्तरेकडील भाषांनी मूळ नाव का टाकले असावे? आजूबाजूची पोरं पान उलटून पुढच्या प्रश्नाला लागली. मी मात्र त्या तक्त्याकडे बघतच राहिले. भुऱ्या. मधखाऊ. चांगला बाबा. अगं बाई, हे तर आमच्या मायसारखं बोलून राहिले! आणि मला हसू फुटलं. परीक्षेच्या हॉलमध्ये, मोठ्यानं. पर्यवेक्षक धावत आले, माझी कंपासपेटी पालथी केली, पदराचं टोक झटकायला लावलं, काही सापडलं नाही. पण माझा नंबर त्यांनी वहीत टिपून ठेवला.

मी चार पानं लिहिली. त्या लोकांच्या देशात घनदाट जंगलं होती, अस्वलं होती, आणि नाव घेतलं तर जनावर ऐकतं आणि येतं अशी त्यांची समजूत असावी. म्हणून ते आडून बोलत, भुऱ्या म्हणत, मधखाऊ म्हणत, आणि वापरता वापरता ते आडून घेतलेलं नावच खरं नाव झालं, असं सगळं भराभर लिहीत गेले. आधार म्हणून आणखी काहीतरी लिहायला हवं होतं. 'माझी आई' असे दोन शब्द मी लिहिले. मग खोडले. त्यावर शाईचा जाड डाग ओढला आणि पुढे लिहिलं, 'काही अप्रगत समाजांत आजही अशी समजूत आढळते.' एकदम पुस्तकी वाक्य. मला ते फार आवडलं होतं तेव्हा. आज सत्तरी ओलांडल्यावरही ते वाक्य आठवलं की मला स्वतःचा राग येतो, आणि आलाच पाहिजे. आता नवे विद्वान म्हणतात की जर्मन मंडळींचा बेर भुरा नसेल, नुसता 'रानटी' असेल. म्हणोत. आपल्या भालूमधला भल्ल म्हणजे भद्र, भला, असाही काहींचा कयास आहे. मी पैज लावणार नाही, पण मला पटतं.

निकालाच्या दिवसांत बाबांनीच विद्यापीठाचं एक पाकीट आणलं. दुसऱ्याच्या पत्राला ते कधी हात लावत नसत, माझंही त्यांनी फोडलं नाही, समोर धरलं फक्त. गैरप्रकाराच्या संशयावरून निकाल राखून ठेवण्यात आला आहे, चौकशीला हजर राहावे. दोष सिद्ध झाला तर तीन वर्षं परीक्षेला बंदी. तीन वर्षं बंदी म्हणजे नागपूरला एम.ए.ला जायचं सगळं संपलंच होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे बाबांनी ज्या ज्या दारात माझं नाव सांगितलं होतं, त्या त्या दारातून त्यांना रोज टपाल घेऊन जायचं होतं. बाबांनी कागद दोनदा वाचला. "नक्कल केली का तू?" त्यांनी विचारलं. "नाही बाबा." "मंग बस," ते म्हणाले. पण उत्तर कुठून सुचलं ते मी सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. ज्या गोष्टीशी ते जन्मभर भांडले, तीच आता मुलीला वाचवायला पुढे करायची होती. ते सायकल पुसत बसले, स्वच्छ सायकल पुन्हा पुन्हा पुसत बसले.

प्राचार्यांच्या खोलीत चौकशी झाली. पेपर काढणाऱ्या बापट बाई नागपुराहून आल्या होत्या. सुती पातळ, जाड भिंगांचा चष्मा, आणि समोर माझी उत्तरपत्रिका. "हे कुठं वाचलंस?" त्यांनी विचारलं. कुठंच नाही, मी म्हणाले. "माझ्याकडे एक फ्रेंच पुस्तक आहे, त्यात हे आहे. मराठीत कोणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. तुला फ्रेंच येतं?" नाही म्हणाले. प्राचार्य मधेच बोलले, "हे बघ, कबूल करून टाक. मी रदबदली करतो, तीनाचं एक वर्ष होईल. कॉलेजचं नाव खराब करू नको." त्यांना प्रकरण मिटवायचं होतं, बाकी कशाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. माझं डोकं एकदम तापलं. मी म्हणाले, "माझी माय जंगलात अस्वलाचं नाव घेत नाही. तिच्याकडून कळलं मला." प्राचार्य हसले. "अस्सं! म्हणजे रशियातले लोक तुझ्या आईला विचारून गेले होते?" बापट बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, शाईच्या डागावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "मग इथं आई का नाही लिहिलंस? अप्रगत समाज कशाला लिहिलंस?" मी खाली मान घालून म्हणाले, "लाज वाटली." बाईंनी फाईल मिटली. "मला तिला भेटायचंय," त्या म्हणाल्या.

श्रावणातल्या एका सकाळी जीप आमच्या दारात उभी राहिली. बापट बाई, प्राचार्य आणि जबाब लिहून घ्यायला कॉलेजचे बाबू. मायनं गुळाचा चहा केला. प्राचार्यांनी उपास आहे म्हणून सांगितलं, चहालाही त्यांचा उपास होता, पाण्यालाही. बाईंनी दोन कप घेतले आणि त्यातला गवती चहा कुठला म्हणून विचारलं. मग त्यांनी मायला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, "भागरताबाई, तुमच्या जंगलात काळं, केसाळ जनावर असतं, मध खातं, मोह खातं. त्याला काय म्हणता तुम्ही?" माय म्हणाली, "अस्वल."

"लिहा बाबू, लिहा!" प्राचार्य उठून उभेच राहिले. "नाव घेतलं की नाही बाईनं?" मी मायकडे पाहिलं, तिला काय झालं तेच कळत नव्हतं. "घरात कायची भीती?" ती म्हणाली. "घरात नाव घ्याले काय होते? तुमी जंगलात इचारा ना." प्राचार्यांनी हात झटकला आणि बाबांकडे वळले. "तुम्ही सरकारी माणूस. तुम्ही सांगा, असं काही आहे?" बाबा खाकीत उभे होते, छत्री हातात. मला वाटलं, एकदा तरी खोटं बोला बाबा. पण त्यांना ते जमणारं नव्हतं. "मी असलं काही मानत नाई साहेब," ते म्हणाले. "हिची माय मानते, हे खरं हाय. पन मी अस्वलाले अस्वलच म्हनतो." प्राचार्यांनी तेही लिहायला लावलं. बापट बाई मात्र चपला शोधत होत्या. "चला," त्या म्हणाल्या, "जंगलात विचारा म्हणाल्या ना त्या? मग जंगलात विचारू."

पाऊस थांबला होता, पण झाडं ठिबकत होती. माय पुढे, टोपली कमरेला, कारण जंगलात रिकाम्या हातानं जाणं तिला माहीतच नव्हतं. मागे बाई पातळ खोचून, मग मी, बाबा, बाबू, आणि सगळ्यांत शेवटी चिखलाला शिव्या घालत प्राचार्य. आत आत गेलो तसे लांबून बायांचे आवाज येऊ लागले, सात्या काढायला गावातल्या बाया आधीच पांगलेल्या होत्या. एका वारुळापाशी माय थांबली. वारुळाची एक बाजू ताजी उकरलेली होती, मातीवर नखांच्या रेघा स्पष्ट होत्या. बाईंनी खाली वाकून पाहिलं आणि हळूच विचारलं, "हे कोणी उकरलं?" माय क्षणभरही थांबली नाही. "बुढ्यानं," म्हणाली. "रातीच येऊन गेला." बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे चमकले. पण प्राचार्य म्हणाले, "शिकवलेलं आहे हे! मुलीनं घरी पढवून ठेवलंय. ते राहू द्या. हे मानत नाहीत ना? यांना विचारा." आणि बाबांना म्हणाले, "हं, पोस्टमन, सांगा. कोणी उकरलं हे?"

बाबांनी वारुळाकडे पाहिलं. नखांच्या रेघांकडे पाहिलं. तोंड उघडलं. माझ्या समोर बाबांचा तो चेहरा आजही आहे, ओठ हललेले आणि आवाज नाही. मग ते प्राचार्यांकडे वळून अगदी हळू आवाजात, नम्रपणे म्हणाले, "साहेब, घरी चाला. घरी सांगतो."

बापट बाई खळखळून हसल्या. मायनं पदर तोंडाला लावला. बाबा स्वतःच ओशाळे होऊन हसायला लागले. "मानत नाई मी," ते बाईंना म्हणाले, "खरंच मानत नाई. पन इथं नाई म्हनत." बाईंनी ते वाक्य तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं. आणि तेव्हा प्राचार्यांचा तोल गेला. शिकलेल्या माणसाची अशी फजिती त्यांना सहन झाली नसावी. ते वारुळाजवळ गेले, छत्री वर केली आणि शाळेत हजेरी घ्यावी तसे खड्या आवाजात ओरडले, "अस्वल! अस्वल! अस्वल! घ्या, काय झालं? आलं का कोणी?"

आलं ना. पण अस्वल नाही, बाया आल्या. आधी आजूबाजूचे सगळे आवाज एकदम बंद झाले. मग डाव्या झुडपातून एक टोपली दिसली, मग उजवीकडून दोन, मग मागून चार. कमरेला अर्ध्या-मुर्ध्या टोपल्या लावून गावच्या बाया जंगलातून बाहेर निघाल्या होत्या, काही तर काढलेल्या सात्या तिथेच टाकून. मी मोजल्या, अठरा भरल्या. सगळ्यांच्या पुढे सखुआत्या. तिनं आपल्या एका डोळ्यानं प्राचार्यांना आपादमस्तक पाहिलं. "कोन होय बापा हा नाव घेनारा?" ती कडाडली. "तुले घरी बायको-लेकरं नाई का? आमचं मरन आनतं का?" दुसरी म्हणाली, "आजची भाजी बुडवली मास्तरनं!" तिसरी म्हणाली, "एवढा मोठा मानूस, जंगलात कसं बोलाव ते कोनी शिकवलं नाई याले." प्राचार्य छत्री मिटू की उघडू या विचारात मागे मागे सरकत होते आणि बाबू त्यांच्याकडे न बघण्याचा आटोकाट प्रयत्न करत होते. बाया थांबायला तयारच नव्हत्या, एकामागून एक गावाच्या वाटेला लागल्या. बापट बाईंनी सखुआत्याला अडवून विचारलं, "आत्या, तुम्हाला या मुलीनं काही सांगून ठेवलं होतं का? असं करा, असं बोला म्हणून?" सखुआत्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. "हे? हे शेवंता? हे कायले शिकवते आमाले! हे तं आताशी जंगलात येतच नाई. शिकून राहिली ना ते, लाज वाटते तिले." आणि तीही चालायला लागली. बाई प्राचार्यांना म्हणाल्या, "लिहायला सांगता का बाबूंना, की मी सांगू?"

मला तिथे नाचावंसं वाटलं, आणि त्याच वेळी सखुआत्याचं ते शेवटचं वाक्य अंगात घुसलं होतं. मी मायच्या हातातली टोपली घेतली. ती म्हणाली, "राहू दे, भारी नाई." मी दिली नाही. परतताना बाई आणि माय पुढे चालत होत्या. बाई मायला सांगत होत्या की फार दूर, बर्फाच्या मुलखात, जंगलात जाणारे लोक त्याला मधखाऊ म्हणायचे, भुऱ्या म्हणायचे, चांगला म्हणायचे. माय लक्ष देऊन ऐकत होती. "त्या बाया बी जंगलातच जात असतीन मंग," ती म्हणाली. थोडं चालल्यावर तिनं विचारलं, "आन त्याईच्यात त्याचं खरं नाव का होतं?" बाई म्हणाल्या, "ते हरवलं. इतकी वर्षं कोणी घेतलंच नाही, मग कोणाला आठवेना." माय चालता चालता थांबली. "घरात बी नाई घेत होते?" बाई म्हणाल्या, नसावेत घेत. माय हळहळली, खरोखर हळहळली, एखाद्याच्या घरी काही वाईट घडल्यासारखी. "घरात घ्याव ना," ती म्हणाली. "घरात घ्याले काय होते?" पुढं मी तीस वर्षं भाषाशास्त्र शिकवलं, दर वर्षी हा प्रश्न पोरांसमोर ठेवला, आणि त्याहून चांगलं काही कोणी बोललेलं मला आठवत नाही. हेही इथंच सांगून टाकते, की त्या पेपरात मी विद्यापीठात पहिली आले, आणि त्याच वर्षी नागपूरला गेले.

पण त्या दिवशीचं अजून थोडं राहिलंय. घरी आल्यावर बाईंनी ओसरीवर बसून अहवाल सांगितला आणि बाबूंनी लिहिला. प्राचार्यांनी सही केली. बाई म्हणाल्या, वाचून दाखवा. बाबूंनी घसा साफ करून वाचलं: सदर उत्तर विद्यार्थिनीचे स्वतःचे आहे. नक्कल झालेली नाही. ही माहिती तिला तिची आई भागरताबाई, राहणार सानगडी, यांच्याकडून मिळाली. जे युरोपातील विद्वानांना जुने ग्रंथ धुंडाळून तर्काने ठरवावे लागले, ते या बाईंना प्रत्यक्ष ठाऊक आहे.

माय दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. "माझं नाव हाय त्याच्यात?" तिनं विचारलं. "आहे," बाई म्हणाल्या, आणि बाबूंच्या हातातला कागद घेऊन त्यांनी माझ्या हातात दिला. "हिला वाचू द्या. 'आई' लिहायचं हिचंच राहिलं होतं." एव्हाना अर्ध्या-मुर्ध्या टोपल्यांसह बाया आमच्या अंगणात जमल्या होत्या, सखुआत्या तर पायरीवरच बसली होती. मी वाचायला लागले. 'तिची आई' या शब्दांवर माझा आवाज फुटला, रडू आवरेना, बाबांनी तोंड फिरवलं. मी डोळे पुसले आणि शेवटपर्यंत वाचलं.

"पुन्हा वाच," माय म्हणाली. "आन जरा मोठ्यानं वाच."

मी पुन्हा वाचलं, मोठ्यानं.